खरेदीखतांत न मावणारा इतिहास

ता. २२ जून २०२५ रोजीं ओक्लाहोमा सिटी येथें अमेरिकेंतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या अंतिम मालिकेंतील सातवा व अखेरचा सामना झाला, आणि त्यांत तेथील ‘थंडर’ संघानें इंडियाना पेसर्स संघाचा १०३ विरुद्ध ९१ गुणांनीं पराभव केला. विजय निर्विवाद होता, व तो मिळविणारे तरुण खेळाडू सर्वथैव अभिनंदनास पात्र होते. परंतु असोसिएशनच्या दफ्तरीं या विजयाची जी नोंद आहे ती विचार करावयास लावणारी आहे. ओक्लाहोमाच्या संघाचें हें पहिलें अजिंक्यपद नव्हे, दुसरें होय, असें तें दफ्तर सांगतें. मग पहिलें कोणतें ? तें १९७९ सालीं मिळालें. आणि त्या सालीं ओक्लाहोमा सिटीस या असोसिएशनचा संघ मिळेल हें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. तो संघ तेव्हां तेथून सुमारें दीड हजार मैलांवर, वायव्येकडील सिएटल शहरांत होता, व त्याचें नांव ‘सुपरसॉनिक्स’ असें होतें. २००८ मध्यें तो ओक्लाहोमा सिटीस नेण्यांत आला. संघ विकला गेला व हलविला गेला, हें एक वेळ समजतां येईल; परंतु सामानाच्या गाडींत सिएटलच्या लोकांचा भूतकाळहि भरून नेण्यांत आला, याची वाट कशी लावावयाची ?

या व्यवहाराचें समर्थन करणारे पुष्कळ आहेत. संघ ही मालकाची जिंदगी आहे. ती त्यानें पैसे मोजून घेतली. जिंदगीबरोबर तिचे कागदपत्रहि खरेदीदाराकडे जातात. यांत अन्याय कोठें आहे, असा त्यांचा सवाल असतो. कांहीं जण याहून पुढें जाऊन म्हणतात कीं, ज्या शहरानें संघासाठीं पैसा खर्च करण्याचें नाकारलें त्यास संघ गेल्यावर रडण्याचा अधिकार नाहीं. तिसरा एक वर्ग आहे तो गंभीर विद्वानांचा. चेंडू टोपलींत टाकण्याच्या खेळाबद्दल इतकी शाई कशाला, असें म्हणून तो मान फिरवितो. या तिन्ही पक्षांस उत्तर देण्याचा येथें विचार आहे. आमचें म्हणणें असें कीं, धंदेवाईक खेळाचा संघ ही अर्धी खासगी व अर्धी सार्वजनिक अशी वस्तु आहे. तिचा जो भाग सार्वजनिक पैशावर व सार्वजनिक प्रेमावर उभा राहिला, तो विकण्याचा अधिकार मालकास पोंचत नाहीं. आणि सिएटलच्या बाबतींत नेमका तोच भाग विकला गेला. परंतु वादास आरंभ करण्यापूर्वीं, विकलें गेलें तें काय होतें हें पाहिलें पाहिजे.

डिसेंबर १९६६ मध्यें सॅम शुलमन व यूजीन क्लाइन या लॉस एंजेलिसच्या दोघां धनिकांनीं साडेसतरा लक्ष डॉलर देऊन सिएटलसाठीं संघाची सनद मिळविली, व १९६७ च्या ऑक्टोबरांत संघ खेळूं लागला. मालक परगांवचे होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. संघास सिएटलचा करून घेतलें तें तेथील लोकांनीं व त्यांनीं आपलेंसें केलेल्या नांवानें. सिएटल हें त्या काळीं बोइंग कंपनीचें शहर होतें. ध्वनीहून अधिक वेगानें जाणारें उतारूंचें विमान बांधण्याचें काम सरकारनें त्या कंपनीस नुकतेंच दिलें होतें, आणि त्या भावी विमानावरून संघास ‘सुपरसॉनिक्स’ हें नांव मिळालें. पुढें १९७१ च्या मार्चांत अमेरिकन काँग्रेसनें त्या विमानाचा पैसा तोडला. विमान कधीं उडालेंच नाहीं. बोइंगचे हजारों कामगार बेकार झाले. शहर सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसानें दिवे मालवून जावें, अशा अर्थाचा उपरोधिक फलक हमरस्त्यावर लागला. ज्या वस्तूचें नांव घेतलें ती वस्तु जन्मापूर्वींच नष्ट झाली, आणि नांव मात्र जगलें. त्या पडत्या काळांत शहराविषयीं अभिमान बाळगण्यास जीं थोडीं निमित्तें लोकांपाशीं उरलीं, त्यांत हा संघ एक होता. खरेदीखत लिहितांना या गोष्टीची किंमत कोणी व कशी ठरविली असेल ?

याच काळांत या संघानें दोन गोष्टी अशा केल्या कीं, त्यांचा लाभ सिएटलपुरता राहिला नाहीं. पहिली गोष्ट प्रशिक्षकाची. लेनी विल्कन्स यांस १९६९ मध्यें, ते स्वतः खेळत असतांनाच, संघाचे प्रशिक्षक नेमण्यांत आलें. या असोसिएशनमध्यें कृष्णवर्णीय प्रशिक्षक त्यापूर्वीं एकच झाला होता, तो म्हणजे बॉस्टनचा बिल रसेल; आणि पुढें १९७३ पासून १९७७ पर्यंत रसेल हेहि सिएटलचेच प्रशिक्षक होते. काळ्या माणसानें खेळावें, परंतु गोऱ्यांस हुकूम करूं नये, हा समज ज्या देशांत अद्याप पुरता मोडला नव्हता, तेथें या नेमणुकांचें महत्त्व केवळ खेळापुरतें नव्हतें. दुसरी गोष्ट स्पेन्सर हेवूडची. मिसिसिपींतील कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कुटुंबांतला हा मुलगा. शाळा सोडून चार वर्षें लोटल्यावांचून कोणासहि संघांत घ्यावयाचें नाहीं, असा असोसिएशनचा नियम होता. आणि त्या नियमाच्या आश्रयानें गुणी मुलांचा खेळ कॉलेजांस वेतनावांचून मिळत असे. नियम झुगारून शुलमन यांनीं हेवूडला १९७० मध्यें करारबद्ध केलें. असोसिएशन त्यांच्यावर उलटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. आणि १९७१ मध्यें तेथें सात विरुद्ध दोन मतांनीं हेवूडच्या बाजूनें निर्णय झाला. ऐन विशींत जे खेळाडू आज कोट्यवधि डॉलरांचे करार करतात, ते सर्व या झगड्याचे ऋणी आहेत; त्यांत ओक्लाहोमाचेहि आले. शुलमन हे मालकच होते, हें आम्ही विसरत नाहीं. मालकवर्गाचा सरसकट धिक्कार करावा असा आमचा हेतु नाहीं. मालकानें धैर्य दाखविलें तर तेंहि संघाच्या कीर्तींत जमा होतें. मात्र तें जमा होतें संघाच्या नांवावर, मालकाच्या पेटींत नव्हे.

आतां त्या अजिंक्यपदाची गोष्ट. १९७७ च्या मोसमाचा आरंभ पांच विजय व सतरा पराभव असा झाला. तेव्हां विल्कन्स यांच्याकडे संघ पुन्हां सोंपविण्यांत आला, आणि तेच खेळाडू १९७८ च्या अंतिम मालिकेपर्यंत जाऊन पोंचले. त्या मालिकेंतील चौथा सामना पाहण्यास ‘किंगडोम’ या अवाढव्य वास्तूंत ३९,४५७ लोक जमले होते. सातव्या सामन्यांत डेनिस जॉन्सननें चौदा वेळां चेंडू टोपलीकडे फेकला व चौदाहि वेळां तो हुकला. घरच्या प्रेक्षकांसमोर सिएटलचा संघ वॉशिंग्टनकडून हरला. दुसऱ्या वर्षीं तेच दोन संघ पुन्हां समोरासमोर आले. या खेपेस १ जून १९७९ रोजीं, पांचव्याच सामन्यांत, सिएटलनें मालिका संपविली; आणि त्या मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हाच डेनिस जॉन्सन. एका वर्षापूर्वींची त्याची फजिती ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती, त्यांनाच या सन्मानाचा खरा अर्थ कळला असला पाहिजे. गस विल्यम्स, जॅक सिक्मा, फ्रेड ब्राउन, पॉल सायलस हे त्याचे सोबती. संघांत एकटाच तळपणारा सूर्य कोणी नव्हता. सर्वांनीं मिळून उजेड पाडला. अशा विजयाचा अर्धा भाग आधींच्या वर्षाच्या दुःखांत असतो, आणि तें दुःख सोसलें कोणी ? दफ्तरांतील एका ओळीनें विजय ओक्लाहोमाकडे वळवितां आला. १९७८ ची ती रात्र कोणत्या ओळीनें वळविणार?

त्यानंतरच्या काळांत चढउतार झाले. जॉर्ज कार्ल यांच्या हाताखालीं गॅरी पेटन व शॉन केंप यांनीं संघास पुन्हां वैभव आणलें. १९९४ मध्यें पहिल्या क्रमांकाचा हा संघ आठव्या क्रमांकाच्या डेन्व्हरकडून हरला, आणि अशी नामुष्की असोसिएशनच्या इतिहासांत पहिल्यानेंच घडली. १९९६ मध्यें त्यानेंच चौसष्ट सामने जिंकून अंतिम मालिका गांठली व तेथें शिकागोपुढें तो चार विरुद्ध दोन असा नमला. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठीं बांधलेलें जुनें कोलिसियम याच सुमारास, १९९५ मध्यें, नव्यानें बांधून काढण्यांत आलें. तें कोणी बांधलें ? मुख्यतः सिएटल शहरानें, कर्ज काढून. हा मुद्दा वाचकांनीं हाताशीं ठेवावा. पुढें तो लागणार आहे.

२००१ मध्यें ‘स्टारबक्स’ या प्रसिद्ध कॉफीच्या कंपनीचे अध्यक्ष हॉवर्ड शुल्ट्झ यांनीं मित्रमंडळीसह संघ वीस कोटि डॉलरांस घेतला. शुल्ट्झ सिएटलचे असल्यामुळें लोकांस धीर आला. परंतु पांचच वर्षांनीं, नवें क्रीडागृह सार्वजनिक पैशानें मिळत नाहीं असें पाहून, २००६ मध्यें त्यांनींच तो ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट प्रभृति धनिकांस पस्तीस कोटीला विकला. नव्या मालकांनीं सद्भावनेनें एक वर्ष प्रयत्न करावा व सिएटलमध्यें राहण्याची सोय होते काय हें पाहावें, अशी त्या व्यवहारांत बोली होती. त्यांनीं शेजारच्या रेंटन गांवीं सुमारें पन्नास कोटि डॉलरांच्या क्रीडागृहाची योजना मांडली, व तिचा बहुतेक भार करांवर टाकला. वॉशिंग्टन राज्याच्या कायदेमंडळानें ती उचलून धरली नाहीं. अकरा वर्षांपूर्वीं ज्या वास्तूवर शहरानें कर्ज काढलें तीच आतां निकामी ठरवावयाची व तिच्या अनेक पटींनीं मोठी रक्कम पुन्हां मागावयाची, हा प्रयत्न सद्भावनेचा होता कीं नकार पदरांत पाडून घेण्याचा होता, हें ठरविण्यास फार दूर जावें लागत नाहीं. मालकांपैकीं ऑब्री मॅकक्लेंडन यांनीं ऑगस्ट २००७ मध्यें ओक्लाहोमांतील एका पत्रास उघड सांगितलें कीं, संघ सिएटलमध्यें ठेवण्यासाठीं आम्ही तो घेतलाच नव्हता. त्याबद्दल असोसिएशननें त्यांस अडीच लक्ष डॉलर दंड केला. दंड झाला तो खरें बोलल्याबद्दल. हेतूबद्दल कोणासहि दंड झाला नाहीं.

भाडेपट्टा २०१० पर्यंतचा होता. तो पुरा करावा म्हणून शहरानें दावा लावला. दरम्यान एप्रिल २००८ मध्यें असोसिएशनच्या मालकमंडळानें अठ्ठावीस विरुद्ध दोन मतांनीं स्थलांतरास संमति दिली. जूनमध्यें फेडरल न्यायालयांत सुनावणी झाली. आणि २ जुलै २००८ रोजीं, निकाल वाचला जाण्यास कांहीं तास उरले असतां, मेयर ग्रेग निकल्स यांच्या कारभारानें तडजोड केली. साडेचार कोटि डॉलर घेऊन शहरानें संघास मोकळें सोडलें. सुपरसॉनिक्स हें नांव व हिरवापिवळा रंग ओक्लाहोमानें वापरूं नये, सिएटलला पुढें संघ मिळाल्यास तीं त्याला द्यावीं, आणि इतिहास उभयतांनीं वाटून घ्यावा, असें त्यांत ठरलें. इतिहास वाटून घ्यावा ! भाऊबंदांनीं आंब्याचें झाड वाटून घेतल्याचें आम्ही ऐकलें आहे. परंतु एका गांवच्या आठवणींचा हिस्सा दीड हजार मैलांवरच्या परक्या गांवाला लिहून देण्याचा हा दस्तऐवज अपूर्वच म्हटला पाहिजे.

आतां पहिल्या पक्षाकडे वळूं. संघ ही खासगी जिंदगी आहे, असें तो म्हणतो. उत्तम. मग खासगी जिंदगीच्या धन्यानें आपलें घर आपल्या पैशानें बांधावें. शेजाऱ्यापाशीं मागूं नये. परंतु संघाचे मालक क्रीडागृह मागावयास येतात तेव्हां त्यांची भाषा पाहावी. त्या वेळीं संघ हा शहराचा मानबिंदु असतो, मुलांचा आदर्श असतो, नागरिकांच्या ऐक्याचें प्रतीक असतो. आणि अशा सार्वजनिक वस्तूसाठीं सार्वजनिक पैसा खर्चणें हें नगराचें कर्तव्य ठरतें. पैसा मिळाला नाहीं कीं तोच संघ एका क्षणांत दुकानांतला माल होतो, व माल कोठेंहि नेण्यास धनी मुखत्यार असतो. घेतांना सार्वजनिक व नेतांना खासगी, असा हा दुहेरी वेष आहे. आम्ही मालकांस इतकेंच विचारतों, कीं या दोहोंपैकीं कोणताहि एक वेष पसंत करा, पण तो बारा महिने घाला. संघ मानबिंदु असेल तर तो उपटून नेण्याचा अधिकार तुम्हांस नाहीं. आणि माल असेल तर करदात्याच्या दारांत तुमचें काम नाहीं.

शिवाय मालक नेमकें काय विकत घेतो ? असोसिएशनमध्यें खेळण्याची सनद, खेळाडूंशीं झालेले करार, व तिकिटांच्या आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नावरील हक्क. एवढ्यावर त्याची मालकी आम्ही कबूल करतों. परंतु १९७९ चें अजिंक्यपद हा हक्क नव्हे, ती घडलेली गोष्ट आहे. घडलेल्या गोष्टीस स्थळ असतें, काळ असतो व साक्षीदार असतात, मालक नसतो. वाड्याचा खरेदीदार वाड्याबरोबर पूर्वीच्या धन्याच्या घराण्याचे पूर्वजहि विकत घेऊन त्यांचीं श्राद्धें घालूं लागला, तर गांव त्यास हंसेल. येथें मोठी असोसिएशन तेंच करते, आणि कोणी हंसत नाहीं.

मौजेची गोष्ट ही, कीं खरेदीदारासहि या मालाची लाजच वाटते. १९७९ चा ध्वज ओक्लाहोमाच्या क्रीडागृहांत लागलेला नाहीं. तो सिएटलमध्येंच राहिला. ओक्लाहोमाच्या लोकांनीं २०२५ चा उत्सव केला तो आपलें पहिलें अजिंक्यपद म्हणूनच. सिएटलच्या भूषणांत अग्रगण्य असलेल्या गॅरी पेटननें तर आपला अंक ओक्लाहोमांत सन्मानार्थ टांगला जाऊं नये, असें जाहीरपणें सांगितलें. म्हणजे ज्यानें दिला त्याला द्यावयाचा नव्हता, ज्यानें घेतला त्याला मिरवितां येत नाहीं, आणि ज्यानें मिळविला तो तेथें जाण्यास तयार नाहीं. असा हा इतिहास केवळ दफ्तरदाराच्या हट्टानें ओक्लाहोमाच्या नांवावर लागला आहे.

दुसरा पक्ष सिएटलच्या कृपणतेचा. नोव्हेंबर २००६ मध्यें सिएटलच्या चार मतदारांपैकीं जवळजवळ तिघांनीं असा ठराव संमत केला, कीं धंदेवाईक संघांसाठीं शहरानें जो पैसा घालावा त्यावर निदान सरकारी कर्जरोख्यांइतकें तरी व्याज सुटलें पाहिजे. यालाच कृपणता म्हणतात ! सार्वजनिक पैशाचा विश्वस्त याहून निराळें काय म्हणेल ? आणि या ठरावानें क्रीडागृह अशक्य झालें असें म्हणावें, तर २०२१ चा पुरावा उलट आहे. त्या वर्षीं त्याच जागीं, १९६२ चें तेंच ऐतिहासिक छत्र कायम राखून, खासगी भांडवलानें एक अब्जाहून अधिक डॉलर खर्चून नवें क्रीडागृह उभें राहिलें. जें तेरा वर्षांपूर्वीं लोकांच्या पैशावांचून होणारच नाहीं असें शपथेवर सांगण्यांत येत होतें, तें झालें. दुसरीकडे ओक्लाहोमा सिटीच्या लोकांनीं डिसेंबर २०२३ मध्यें निदान नव्वद कोटि डॉलरांच्या नव्या क्रीडागृहास मत दिलें, व त्यांत संघाच्या मालकांचा वांटा ठरला पांच कोटि. बाकीचें विक्रीकरांतून, म्हणजे भाकरीच्या व जोड्यांच्या किंमतीवर पैसा पैसा चढवून, निघणार. ओक्लाहोमाच्या लोकांची आम्हांस निंदा करावयाची नाहीं. २००५ मध्यें कॅटरिना वादळानें उध्वस्त झालेल्या न्यू ऑर्लिन्सचा संघ त्यांनीं दोन मोसम आपल्या घरीं सांभाळला, व प्रेमानें सांभाळला. परंतु सिएटलचें उदाहरण डोळ्यांपुढें असलेलें शहर संघाच्या मागणीस ‘नाहीं’ म्हणूं शकेल काय ? सिएटलचा संघ नेल्यानें एका शहराचें नुकसान झालें. त्या धाकानें इतर सर्व शहरांच्या तिजोऱ्या सैल झाल्या. मालकांस या स्थलांतराचा खरा नफा हा आहे.

सिएटलची बाजू घेतांना तिच्यांतील डाग झांकण्याचें आम्हांस कारण नाहीं. तडजोडीवर सही करून स्वतःचा न्याय ऐकण्यापूर्वींच शहरानें तो विकला, हा पहिला डाग. लोकांनींहि तो ओळखला. २००९ च्या प्राथमिक निवडणुकींतच निकल्स यांस घरीं बसावें लागलें. दुसरा डाग याहून वाईट. २०१३ मध्यें सिएटलच्या नव्या धनिकांनीं सॅक्रमेंटो शहराचा ‘किंग्ज’ संघ विकत घेऊन सिएटलला आणण्याचा घाट घातला, आणि पांच वर्षांपूर्वीं ज्यांचे डोळे ओले झाले होते त्यांतील पुष्कळांनीं टाळ्या पिटल्या. मालकमंडळानें तो बेत बावीस विरुद्ध आठ मतांनीं फेटाळला, हें सिएटलचें सुदैवच. स्वतःवरील अन्यायाचें दुःख इतक्या लवकर दुसऱ्यावरील अन्यायाच्या भांडवलास लागावें, यांत व्यवस्थेचा दोष आहे तसा मनुष्यस्वभावाचाहि आहे. याच शहराच्या चौघी स्त्रियांनीं दाखविलेली वाट मात्र निराळी होती. स्त्रियांचा ‘स्टॉर्म’ हा संघहि बेनेट यांच्याच मालकीचा झाला होता. २००८ मध्यें या चौघींनीं तो एक कोटि डॉलरांस सोडवून घेतला व जागेवर ठेवला. त्यानंतर त्यानें २०१०, २०१८ व २०२० अशीं तीन अजिंक्यपदें सिएटललाच मिळवून दिलीं. पुरुषांच्या संघासाठीं जें बळ शहरास एकवटतां आलें नाहीं, तें येथें चौघींनीं दाखविलें.

राहिला विद्वानांचा पक्ष. त्यांस आम्ही असें विचारतों, कीं यंत्रयुगांतील मोठ्या शहरांत, जेथें शेजाऱ्यास शेजारी ओळखत नाहीं, देवळें निरनिराळीं व भाषा निरनिराळ्या, तेथें ‘आपण’ हा शब्द उच्चारण्याच्या जागा किती उरल्या आहेत ? विमानाच्या कारखान्यांतला कामगार व विद्यापीठांतला अध्यापक एकाच गोष्टीनें एकाच क्षणीं उभे राहून ओरडतात, अशा जागा फार थोड्या. ती जागा क्षुद्र असेल तर मोठी जागा दाखवा; दाखवितां येत नसेल तर असलेलीला तुच्छ लेखूं नका. गांवची जत्रा ही जशी केवळ मिठाईचीं दुकानें नव्हेत, तसा चाळीस वर्षांचा संघ म्हणजे केवळ चेंडू व टोपली नव्हे.

इतिहास सनदेपासून वेगळा काढतांच येत नाहीं, असें जर कोणी म्हणेल, तर तो कायद्याचा नव्हे, इच्छेचा अभाव आहे. फुटबॉलमधील क्लीव्हलंडचा ‘ब्राउन्स’ संघ मालकानें १९९५ मध्यें बाल्टिमोरला हलविण्याचें जाहीर केलें, क्लीव्हलंड लढलें, आणि १९९६ च्या तडजोडींत नांव, रंग व सर्व विक्रम क्लीव्हलंडलाच राहिले. बाल्टिमोरचा संघ नवा धरण्यांत आला, व १९९९ मध्यें क्लीव्हलंडचा संघ आपल्या जुन्या इतिहासासह पुन्हां खेळूं लागला. बास्केटबॉलमध्येंहि असें झालें आहे : शार्लट शहराचा ‘हॉर्नेट्स’ संघ २००२ मध्यें न्यू ऑर्लिन्सला गेला होता, २०१४ मध्यें शार्लटच्या नव्या संघास तें नांव व १९८८ ते २००२ पर्यंतचा इतिहास परत मिळाला. म्हणजे ज्या असोसिएशनला सिएटलचा इतिहास सोडवत नाहीं, तिनेंच शार्लटचा सोडविला. आणि मालकीचाच प्रश्न मुळाशीं जाऊन सोडवावयाचा तर ग्रीन बे या लहानशा गांवाचा ‘पॅकर्स’ संघ आहे; १९२३ पासून तो हजारों भागीदारांच्या मालकीचा आहे, भागावर नफा मिळत नाहीं, आणि म्हणूनच तो कोठें गेलेला नाहीं. फुटबॉलच्या मालकमंडळानें अशी मालकी इतर संघांस पुढें मना केली, यावरूनच तिचें सामर्थ्य ओळखावें.

हा विचार मराठी वाचकांस परका वाटण्याचें कारण नाहीं. ज्या २००८ सालीं सिएटलचा संघ गेला, त्याच सालीं आपल्याकडे क्रिकेटची इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. शहराच्या नांवाचा संघ लिलावानें खासगी धनिकास द्यावयाचा, ही तिची पद्धति अमेरिकेंतील लीगांच्या धर्तीवरच बेतलेली आहे. तिची चव पुण्यानें दोनदां घेतली आहे. ‘पुणे वॉरियर्स’ हा संघ २०११ मध्यें अवतरला व २०१३ नंतर दिसेनासा झाला; २०१६ मध्यें दोन वर्षांच्या बोलीनें दुसरा आला, २०१७ च्या अंतिम सामन्यांत मुंबईकडून अवघ्या एका धावेनें हरला, आणि मुदत भरतांच विसर्जन पावला. पुण्याचें दुःख हलकें, कारण प्रेम जडण्यास अवधि मिळाला नाहीं. परंतु मुंबईच्या किंवा चेन्नईच्या संघावर एव्हांना एक पिढी वाढली आहे. उद्यां एखाद्या मालकानें त्यांतील एखादा संघ उचलून, पदकांसह व विक्रमांसह, दुसऱ्या शहरीं नेला, तर त्यास अडविण्यासारखें लोकांच्या हातीं काय आहे ?

म्हणून आमची मागणी थोडी व स्पष्ट आहे. ज्या संघास नगराचें नांव व नगराचा पैसा पाहिजे असेल, त्यानें नांव, रंग, चिन्हें व विक्रम नगराच्या नांवें विश्वस्तनिधि म्हणून लिहून द्यावे. विकावयाचा झाल्यास प्रथम नगरास विचारावें. आणि भाडेपट्टा मोडण्याची किंमत पैशांत ठेवूं नये. या अटी ज्यास जाचक वाटतील त्यानें आपल्या स्वतःच्या नांवाचा संघ काढावा, स्वतःच्या अंगणांत तो खेळवावा, व प्रेक्षक किती जमतात तें पाहावें. सिएटलच्या बाबतींत तर करावयाचें आहे तें याहूनहि सोपें आहे. तेथें नवा संघ देण्याची चर्चा वर्षानुवर्षें होत आली आहे. तो मिळेल तेव्हां मिळेल. दफ्तर दुरुस्त करण्यास मात्र नवा संघ लागत नाहीं, क्रीडागृह लागत नाहीं, एक डॉलरहि लागत नाहीं. २०२५ चें अजिंक्यपद हें ओक्लाहोमाचें पहिलें, असें लिहावें. तेवढ्यानें ओक्लाहोमाच्या मुलांनीं स्वतःच्या घामानें मिळविलेल्या यशावरचा उसनेपणाचा डाग जाईल. आणि १९७९ च्या ओळीपुढें ज्या गांवांत तो जल्लोष झाला त्या गांवाचें नांव एकटें राहूं द्यावें.